शिजलेला भात निवडताना

“50 हजार ते 2 लाखांमधली गिऱ्हाइकं दाखव. आकडे माझे मला बदलता आले पाहिजेत.” साहेब हे चहा मागवावा तितक्या सहज सांगतात. मीही दर वेळी “हो सर” म्हणतो, तिथेच फसतो.

पॉवर बीआय म्हणजे आकड्यांचे तक्ते-आलेख काढायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यात पहिला मोह होतो रकमेचा कॉलम उचलून स्लायसरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या सरकत्या गाळणीत, टाकायचा. पट्टी सरकते, साहेब खूश. पण ती पट्टी गाळते एकेक बिल; गिऱ्हाइकाच्या बेरजेशी तिला देणंघेणं नाही. ज्याने 3,000 रुपयांची 40 बिलं केली, तो 1,20,000चा भरवशाचा माणूस यादीतून गायब. तांदूळ निवडणं वेगळं, शिजलेला भात निवडणं वेगळं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेवाल्यांनी म्हणूनच बेरजेआधी गाळायला व्हेअर आणि बेरजेनंतर गाळायला हॅविंग असे दोन शब्द ठेवले. इथे बेरजेचं मेजर (जागच्या जागी हिशोब करणारं सूत्र) स्लायसरमध्ये ढकलायला जावं, तर तो आत घेतच नाही. व्हिज्युअलच्या, म्हणजे पानावरच्या तक्त्याच्या, फिल्टरला चालतं. पण बाजूचा रकाना उघडून आकडे टाइप करणं साहेबांच्या इतमामाला शोभत नाही.

मग मॉडेलिंग टॅब, न्यू पॅरामीटर, न्यूमेरिक रेंज: यातून नुसत्या आकड्यांचं एक वेगळं टेबल आणि त्याचा स्लायसर तयार होतो. किमान 0, कमाल 5,00,000, पायरी 1,000. बारीक म्हणून पायरी 100 करू नये: 1,000हून जास्त किमती झाल्या की पॅरामीटर त्यातल्या वेचक तेवढ्याच घेतो, आणि नेमका हवा तो आकडा हुकू शकतो. स्लायसर ‘बिटवीन’वर ठेवायचा. हे टेबल कोणाशीही जोडायचं नाही, अनाथच बरं. पट्टीवर निवडलेल्या आकड्यांतला मिन (सर्वांत लहान) ही खालची हद्द, मॅक्स (सर्वांत मोठा) ही वरची. बेरीज मधे बसली तर 1, नाही तर 0, असं मेजर लिहून व्हिज्युअलच्या फिल्टरमध्ये ‘1 असेल तर’ म्हणायचं.

काही हुशार लोक 1-0ची भानगड टाळून इफमध्ये (‘अट जुळली तर’ सांगणारं फंक्शन) थेट बेरीजच परत पाठवतात. ओळी छान दिसतात, फक्त खालची टोटल कोरी! टोटलची ओळ वरच्या ओळी मोजत नाही. ती सगळ्या गिऱ्हाइकांची मिळून 90 लाखांची बेरीज घेते आणि विचारते, ही 2 लाखांच्या आत आहे का? नाही. म्हणून समएक्स (ओळीओळीने बेरीज करणारं फंक्शन), त्यात फिल्टर, फिल्टरमध्ये व्हॅल्यूज (वेगवेगळ्या नावांची यादी) आणि त्यात गिऱ्हाइकाचा कॉलम, असं एकेकाला रांगेत उभं करून मोजावं लागतं.

पट्टी 0वर आणली की निराळी गंमत. गिऱ्हाइकांची संख्या अचानक फुगते, कारण तुलनेत ब्लँक, म्हणजे रिकामी बेरीज, शून्यच धरली जाते. वर्षभर न फिरकलेलेही मोजले जातात. ‘रिकामं आहे का’ तपासणाऱ्या इझब्लँकने त्यांना आधी बाहेर काढावं. आणि साहेबांनी टेबलात महिना ओढला, की 1,20,000चे दरमहा 10,000 होतात नि आपला भरवशाचा माणूस पुन्हा गायब! त्यावर उतारा: हद्द तपासताना कॅल्क्युलेटमध्ये महिन्यावर रिमूव्हफिल्टर्स, म्हणजे बेरजेपुरती महिन्याची गाळणी काढून टाकायची.

एवढं करून साहेब 50 हजार ते 2 लाख आणि 2 ते 5 लाख अशी दोन पानं काढतात, हाताने बेरीज करतात, आणि एक गिऱ्हाईक जास्त भरतं. दोन्ही टोकं ‘धरून’ आहेत ना. बरोबर 2,00,000चीच खरेदी करणारा हा माणूस कोण, ते आता मला शोधायचंय.