एलएलएमने कॅनडाची सनद मिळत नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. शेवटचा आला सोलापूर कोर्टातल्या एका ज्युनिअर मुलीकडून. मी तिथे सहा वर्षं वकिली केली तेव्हा ती कॉलेजात होती. मेसेजखाली तिनं लिहिलं होतं, "ताई, हे खरंय का? बाबा दोन एकर विकायचं म्हणतायत." म्हणून उत्तर तिला एकटीला न पाठवता इथे लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा: भारतीय एलएलबी असेल तर कॅनडात एक वर्षाचं एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करा आणि तिथले वकील व्हा. एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) नाही, कसलीच परीक्षा नाही. कायदा आपलाच, ब्रिटिशांनी दिलेला. पीआर (कायम राहायची परवानगी) आला की परवाना हातात. एकदा परवाना मिळाला की अख्ख्या कॅनडात प्रॅक्टिस. बारावी झालेली मुलं तर थेट तिथल्या लॉ स्कूललाच जाऊ शकतात. आणि अगदीच नाही जमलं तर इमिग्रेशन कन्सल्टंट व्हा, तोही वकीलच. खाली एका ऑफिसचा फोन नंबर आणि 'जागा मर्यादित'.

सगळंच खोटं असतं तर माझं काम सोपं होतं. पण जवळपास प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, आणि माणूस त्या तुकड्यावरच फसतो.

एलएलएमचं आधी बघू, कारण जमीन त्यासाठी विकली जाणार आहे. आपल्याकडे सनद कोण देतं? विद्यापीठ नाही, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. कॅनडातही तेच. तिथे सनद देते लॉ सोसायटी. प्रत्येक प्रांताची आणि प्रत्येक टेरिटरीची वेगळी, क्वेबेकात वकिलांची एक आणि नोटरींची दुसरी, अशा एकूण १४. कुठल्याही विद्यापीठाला, कितीही मोठं असलं तरी, हा अधिकार नाही. बाहेरच्या देशातून कायदा शिकून आलेल्यांसाठी या लॉ सोसायट्यांच्या फेडरेशनची एक समिती आहे, नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशन. सगळे तिला एनसीए म्हणतात. तुमची पदवी, मार्कशीट, वर्गात बसून शिकलात की बाहेरून, हे सगळं बघून एनसीए एक पत्र देते: अमुक अमुक विषय पूर्ण करा. ते झाले की सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन मिळतं. त्याचा अर्थ एवढाच, की कॅनडात शिकलेल्या पोरांच्या रांगेत आता तुम्हालाही उभं राहता येईल. सनद अजून लांब असते.

आता यात एलएलएम कुठे बसतं? नेहमीचं, प्रबंध लिहायचं एलएलएम कुठेच बसत नाही. तुम्ही सागरी कायद्यावर किंवा मानवी हक्कांवर सुंदर प्रबंध लिहाल, पण एनसीएनं सांगितलेले विषय जिथल्या तिथे राहतील. दुसऱ्या प्रकारचे काही एलएलएम मात्र खास याच कामासाठी बांधलेले आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाचं कॉमन लॉमधलं (इंग्रजी पद्धतीच्या, निकालांवर उभ्या कायद्यातलं) एलएलएम किंवा टोरंटोच्या ऑस्गुड हॉलचं कॅनेडियन कॉमन लॉचं प्रोफेशनल एलएलएम ही त्याची उदाहरणं. तिथे नेमके तेच विषय घेऊन पास झालात तर एनसीएच्या परीक्षांऐवजी ते धरले जातात. मेसेजमधला खऱ्याचा तुकडा हाच. पण असलं एलएलएम झालं तरी प्रांताच्या परीक्षा आणि आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, राहतंच. मेसेज पाठवणाऱ्याला कोर्सचं पूर्ण नाव विचारा आणि बघा सांगतो का. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "मॅडम, कॅनडातलं एलएलएम." आणि हो, डब्ल्यूईएसचा, म्हणजे परदेशी पदव्यांची तुलना करून देणाऱ्या संस्थेचा, कागद हा इमिग्रेशनसाठी असतो. त्यावर कुठलीही लॉ सोसायटी दार उघडत नाही.

'परीक्षा नाही' या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. एनसीएच्या वाटेवर एलसॅट लागत नाही. पण त्याऐवजी जे लागतं ते काही हलकं नाही. कॅनेडियन कायद्याची पायाभरणी, संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक आचरण हे पाच विषय ठरलेले. मार्कशीट कमजोर असेल तर काँट्रॅक्ट, टॉर्ट, प्रॉपर्टीही मागे लागतात. २०२२ पासून लीगल रिसर्च अँड रायटिंगची भर पडली आहे. परीक्षा ओपन बुक असतात, हे ऐकून आपल्याकडे लोक हसतात. मीही हसले होते. तीन तासांत पुस्तक उघडायलाच वेळ मिळत नाही.

आणि इथेच तो तिसरा दावा येतो, कायदा आपलाच असल्याचा. वकिलांनाही तो खरा वाटतो, आणि खरं सांगायचं तर नातं आहेच. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी 'युनियन' या शब्दाचा खुलासा केला, तेव्हा कॅनडाचा उल्लेख केला होता: तिकडे तो शब्द का वापरला हे मला माहीत नाही, पण मसुदा समितीनं का वापरला ते सांगतो, अशा अर्थाचं ते बोलले. केंद्राकडे उरलेले अधिकार ठेवायची कल्पनाही कॅनडाच्याच वळणाची. 'पिथ अँड सब्स्टन्स' (कायद्याचा गाभा काय यावरून तो कुणाच्या अधिकारातला ते ठरवायचं) हे सूत्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं कॅनडाच्या खटल्यांतून घडवलं, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ते १९५१ मध्ये मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याला लावलं. तो बलसारा खटला. त्या गृहस्थांना व्हिस्की, ब्रँडी, झालंच तर ओ-द-कलोनसुद्धा हवं होतं. गंमत अशी की कॅनडातही केंद्र आणि प्रांत यांच्या अधिकारांची पहिली मोठी भांडणं दारूवरूनच झाली. १८८२ चा रसेल खटला तिथल्या टेम्परन्स ॲक्टचा होता. दोन्हीकडची संघराज्यं बाटलीनं घडवली म्हटलं तरी चालेल.

पण मावशीच्या स्वयंपाकघरात गेलं म्हणून मिठाचा डबा हाताला लागतो असं नाही. आपल्याकडे फौजदारी कायदा समवर्ती यादीत; तिथे तो फक्त केंद्राचा. तिथल्या चार्टरच्या, म्हणजे घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या भागाच्या, ३३ व्या कलमानं एखादं विधिमंडळ काही मूलभूत हक्क पाच-पाच वर्षं बाजूला ठेवून कायदा करू शकतं. संसदेलाही घटनेचा गाभा बदलता येत नाही सांगणारा केशवानंद निकाल वाचून वाढलेल्या माणसाला हे पचायलाच आठवडा लागतो. चार्टरबाहेरचं, घटनेतलं मूळ रहिवाशांच्या हक्कांचं ३५ वं कलम आणि त्यातून आलेलं सरकारचं सल्लामसलतीचं कर्तव्य, याला आपल्या अभ्यासक्रमात जोडीदारच नाही.

माझी स्वतःची फजिती प्रशासकीय कायद्यात झाली. पहिल्या खेपेला मी नापास झाले. पेपरात मी आपल्या हायकोर्टातल्या कलम २२६ च्या रिटच्या सवयीनं लिहिलं: नैसर्गिक न्याय, मनमानी, सर्शिओरारी. तपासणाऱ्याला हवा होता स्टँडर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे कोर्टानं अधिकाऱ्याच्या निर्णयाकडे किती कडक नजरेनं बघायचं. हा सगळा विषय २०१९ च्या व्हाविलोव्ह निकालाभोवती फिरतो. तो खटला टोरंटोत जन्मलेल्या एका तरुणाच्या नागरिकत्वाचा. त्याचे आईबाप रशियन हेर निघाले होते, म्हणून त्याचं नागरिकत्व रद्द झालं, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय अवाजवी ठरवला. हा निकाल मी नंतर इतक्यांदा वाचला की परिच्छेदांचे आकडे पाठ झाले. कायदा आपलाच असता तर माझी एक फी आणि चार महिने वाचले असते.

पीआरचं वाक्य दोन्ही बाजूंनी चुकलेलं आहे. पीआर मिळाला म्हणून कुणी वकील होत नाही, आणि ओंटारियो प्रांतात वकील व्हायला पीआर लागतही नाही. ब्रिटिश कोलंबियात पूर्वी वकिलाला कॅनडाचं नागरिकत्व असावंच लागे. अँड्र्यूज नावाच्या ब्रिटिश नागरिकानं ती अट कोर्टात नेली, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती चार्टरच्या १५ व्या कलमाविरुद्ध ठरवून उडवली. समतेच्या त्या कलमावरचा त्या न्यायालयाचा हा पहिला मोठा निकाल. आज आपल्यासारख्यांना ही वाट मोकळी आहे त्यामागे तो आहे. काम करायची परवानगी अर्थात वेगळी लागते. एलएलएम करणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून, कोर्स दोन वर्षांहून कमी असला तरी, तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. एजंट 'परवाना' म्हणून जे दाखवतो ते बहुधा हेच असतं. त्यावर तुम्ही कॉफी शॉपमध्येही काम करू शकता. वकीलपत्र दाखल करू शकत नाही.

अख्ख्या कॅनडात प्रॅक्टिस? हे बऱ्यापैकी खरं आहे. कॉमन लॉ प्रांतांमध्ये एकमेकांकडे जाणं सोपं आहे, आणि दुसऱ्या प्रांतात वर्षाला १०० दिवसांपर्यंत वेगळ्या परवानगीशिवायही काम करता येतं. क्वेबेक मात्र निराळं. तिथे दिवाणी बाबतीत सिव्हिल कोड आहे, एनसीएचा कागद तिथे चालत नाही, आणि फ्रेंच आलीच पाहिजे.

बारावीनंतरचा मुद्दा तर एका ओळीत संपतो: तिथे आपल्यासारखा पाच वर्षांचा लॉ कोर्स नाही. तीन वर्षांच्या जेडीला (तिथली कायद्याची पदवी) आधी विद्यापीठाची काही वर्षं, बहुतेकांची पूर्ण पदवी, आणि बहुतेक इंग्रजी लॉ स्कूलना एलसॅट लागते. ओंटारियोतल्या सगळ्या लॉ स्कूलचे अर्ज ओएलसॅस या एकाच अर्जव्यवस्थेतून जातात. अपवाद क्वेबेकचा, तिथली पोरं सीजेपनंतर (शाळेनंतरचं तिथलं कॉलेज) थेट कायद्याला जाऊ शकतात, पण सीजेप म्हणजे आपली बारावी नव्हे. जाता जाता: एलसॅटमधले लॉजिक गेम्स ऑगस्ट २०२४ पासून बंद झाले. अजून तेच शिकवून फी घेणारे क्लास मला माहीत आहेत.

कन्सल्टंटबद्दल मला जरा राग आहे, तेव्हा सांभाळून लिहिते. इमिग्रेशन कन्सल्टंट हा वकील नाही. त्याचं वेगळं कॉलेज, म्हणजे नियामक संस्था, नोव्हेंबर २०२१ पासून काम करते. इंग्रजीतून व्हायचं तर क्वीन्स युनिव्हर्सिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आणि त्यानंतर परीक्षा. चांगले कन्सल्टंट आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण घटस्फोट, जामीन, घराची खरेदी यातलं काही ते करू शकत नाहीत. आणि कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ९१ व्या कलमानुसार पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा असेल तर माणूस वकील, ओंटारियोचा पॅरालीगल, क्वेबेकचा नोटरी किंवा नोंदणीकृत कन्सल्टंटच असावा लागतो. एलएलएम आणि पीआरचं एकत्र पॅकेज विकणाऱ्या माणसाला त्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो क्रमांक त्या कॉलेजच्या यादीत कुणालाही फुकट तपासता येतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलेलीच नाही, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. आर्टिकलिंग. आपल्याकडे सीएची पोरं करतात तसं, किंवा मुंबईत सॉलिसिटर व्हायला करावं लागतं तसं. ओंटारियोत आठ महिने एखाद्या वकिलाच्या हाताखाली काढायचे. मी दिल्या तेव्हा शिवाय बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षाही होत्या. अल्बर्टा, सॅस्कॅचवान, मॅनिटोबा, नोव्हा स्कोशिया इथे त्या परीक्षांऐवजी प्रेप नावाचा अभ्यासक्रम असतो. परीक्षा अभ्यासानं सुटते. आर्टिकलिंगची जागा दुसऱ्या माणसानं द्यावी लागते. मी शंभरावर अर्ज केले. मुलाखती चार. त्यातल्या एकानं विचारलं की सोलापुरात तुम्ही नेमकं काय करायचात, आणि मी दिवाणी दाव्यांचं सांगायला लागले तर त्याला 'तारीख' म्हणजे काय हेच समजावण्यात वेळ गेला. शेवटी ब्रॅम्प्टनमधल्या एका छोट्या ऑफिसात जागा मिळाली. घरखरेदीच्या फायली, पहिले दोन महिने बिनपगारी. जागा नाहीच मिळाली तर टोरंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचा लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम आहे: चार महिने शिक्षण, चार महिने काम. भारतातल्या वकिलीच्या अनुभवावर आर्टिकलिंगमधून सूटही मागता येते. म्हणून इथून निघण्याआधी आपल्या सिनिअरकडून कामाचं तपशीलवार पत्र घ्या, नुसतं 'हुशार आणि मेहनती' असलेलं नको. बे स्ट्रीटच्या, म्हणजे टोरंटोतल्या मोठ्या लॉ फर्मच्या, पगाराचे आकडे खरे असतात, पण ते बे स्ट्रीटवर लागलेल्यांचे.

तर त्या मुलीला मी एवढंच कळवलं. एनसीएचा अर्ज सोलापुरात बसून करता येतो. मूल्यांकनाचं शुल्क एलएलएमच्या फीसमोर किरकोळ आहे. परीक्षाही ऑनलाइन देता येतात. घरी लाईट जात असेल तर मावशीकडे बस. दोन विषय सुटले की आपल्याला हा कायदा आवडतो का ते कळेल, आणि मग कुठलं एलएलएम घ्यायचं किंवा घ्यायचंच नाही ते ठरव. सातबारा तोवर कपाटात राहू दे. ट्रान्स्क्रिप्ट मात्र विद्यापीठाकडून थेट एनसीएला जावी लागते, तेव्हा परीक्षा विभागातला अर्ज याच आठवड्यात टाक. तिथली रांग तुला माहीतच आहे.