‘तीन वर्षांच्या आत स्पॅनिश’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या नाशिकच्या तीन-चार ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: बाळाचा मेंदू स्पंज असतो, तीन वर्षांनी भाषा शिकण्याची खिडकी बंद होते. आईबाबांना स्पॅनिश येत नसली तरी हरकत नाही, रोज अर्धा तास व्हिडिओ लावा, बाळ आपोआप बोलू लागेल. बुद्धीही वाढेल. आणि मराठी काय, ती येतेच, तिच्यावर वेळ घालवू नका. मेसेज माझ्या भाचीनं मनावर घेतला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी ‘आपोआप’चं बघू. इंदिरानगरला भाचीच्या स्वयंपाकघरात मी स्वतः पाहिलं. चौदा महिन्यांची लेक खुर्चीत, समोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, पडद्यावर लाल फुगा आणि ‘रोहो, रोहो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये लाल. लेक टक लावून बसलेली, हातातली पोळी हातातच. तेवढ्यात खिडकीच्या जाळीवर बसलेला कावळा उडाला. भाचीच्या सासूबाई सटाण्याकडच्या, त्या पोळी लाटता लाटता त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, “कावया कथा गया?” (कावळा कुठे गेला?) लेक गर्रकन वळली आणि खिडकीकडे बोट दाखवून ओरडली. फुग्याला तिनं एकदाही बोट दाखवलं नव्हतं.

अमेरिकेत सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंच्या गटानं २००३ साली हेच नीट तपासून प्रसिद्ध केलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसं खेळली, पुस्तकं वाचली. साधारण पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका. ती बाळं चिनीतल्या आवाजांमधले फरक ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचा व्हिडिओ दाखवला, आणखी काहींना नुसता आवाज ऐकवला. शिकणं शून्य. चिनी कधी न ऐकलेल्या बाळांहून ती पुढे नव्हती. बाळ माणसाच्या डोळ्यांकडे बघून शिकतं, आणि फुगा काही उलटून तिच्याकडे बघत नाही. म्हणूनच समोरून उत्तर देणारा व्हिडिओ कॉल थोडा वेगळा ठरतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणते, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा सोडून.

‘आईबाबांना येत नसली तरी चालेल’ हे मात्र अर्धं खरं आहे. माद्रिदच्या पाळणाघरांत २८० मुलांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांपासून पावणेतीन वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज एक तास, अठरा आठवडे इंग्रजी मिळालं, आणि मुलं खरंच इंग्रजी शब्द बोलू लागली. पण तिथे खेळायला प्रशिक्षित, जिवंत माणसं होती. आईबाबांना येत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी यायला हवी, मोबाइलला येऊन भागत नाही. शिवाय हिशेब करा: बाळ दिवसाचे बारा तास जागं धरलं तर अर्धा तास म्हणजे चोविसावा हिस्सा. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी घरांतली बाळं पाहिली तेव्हा जी भाषा जितकी कानावर पडते, तितका तिचा शब्दसाठा, असं दिसलं. चोविसाव्या हिश्श्यात पाचपन्नास शब्द आले तरी पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्यापलीकडे त्यांचं काय करणार?

आता खिडकी. ही गोष्ट पुरती खोटी नाही, म्हणूनच जास्त फसवते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांची बाळं फरक ओळखायची, वर्षाची होईतो बहुतेकांचा तो गेलेला. म्हणजे कान खरंच घरच्या भाषेला जुळून जातो. पण आपल्या बाळाचा कान कशाला जुळतो ते बघा. स्पॅनिशचे पाच स्वर मराठी माणसाला ओळखीचे, तिचा ‘त’ आपल्यासारखा दातांवरचा, ‘च’ आहे, ‘ञ’च्या जवळचा एक आवाज आहे. अडखळायला होतं ते दोन ‘र’पाशी: ‘पेरो’ म्हणजे पण, आणि र घोळवून ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. तो र दहाव्या वर्षीही सरावानं बसतो. व्याकरणाचं म्हणाल, तर २०१८ साली साडेसहा लाखांहून जास्त लोकांची इंग्रजी तपासलेल्या अभ्यासात शिकण्याची धार सतराच्या आसपासपर्यंत टिकलेली दिसली. अगदी तिथल्यासारखं बोलायचं तर दहाच्या आत सुरुवात बरी. तीन नव्हे.

बुद्धी वाढण्याचं दोन ओळींत संपतं. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांवर मुलांच्या चाचण्या पाहिल्या, तेव्हा द्विभाषिक मुलांची एकाग्रता वगैरे वेगळी निघाली नाही. (उलट्या बाजूनं ‘दोन भाषांनी पोर गोंधळतं, उशिरा बोलतं’ म्हणणाऱ्या काका मंडळींनाही पुरावा साथ देत नाही. त्यांनी इथे टाळ्या वाजवू नयेत.)

राहिलं ‘मराठी येतेच’. याच वाक्यानं माझं डोकं फिरलं. मेसेज आल्यापासून भाची सासूबाईंना म्हणायला लागली, “आई, तिच्यासमोर अहिराणी नको, शुद्ध बोला ना.” त्या बिचाऱ्या गप्प बसायला लागल्या. म्हणजे सात हजारांवर किलोमीटर दूरची भाषा डब्याला टेकवून ठेवायची, आणि सटाणा-बागलाणची, दिवसभर कडेवर घेऊन बोलणारी भाषा बंद करायची! दुसरी भाषा हवी होती ना? ती घरातच आहे. आईचा डोळा, आजीचा डोया. दोन्ही एकाच वस्तूचे शब्द, हे पोर त्या वयात ओळखतं, तेच तर द्विभाषिक होणं. स्पॅनिश हवीच तर भाचीनं स्वतः क्लास लावावा, मी फी देते, असं मी तिला सांगितलंय. अजून तरी तिनं फी मागितलेली नाही.

परवा गेले तेव्हा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. आजी म्हणाल्या, “डोया कथा शे?” भाची सवयीनं म्हणाली, “डोळा, आई.” लेकीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि माझ्या चष्म्यात बोट घातलं.