चालूच आहे की, काकू!

परवा शुक्रवारी भर दुपारी बुधवार पेठेतल्या एका दुकानात, सात-आठ माणसांदेखत, माझा कॉम्प्युटर चालू झाला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आदल्या दिवशी गुरुवार. सकाळी गेलेली वीज दुपारी आली, आणि आली तेव्हापासून ह्याचं तोंड काळं. पंखा फिरतोय, पुढचा निळा दिवा लागतोय, पण स्क्रीनवर काही नाही. मी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. नवऱ्याने येऊन डब्याला दोन चापट्या दिल्या, “आमचा टीव्ही असाच चालू व्हायचा,” म्हणाला आणि पेपर घेऊन गॅलरीत गेला. मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, “आई, लॅपटॉप घे ना.” हे वाक्य तो २०१९ पासून म्हणतोय. मी छापण्याआधी पुस्तकांतल्या चुका काढते, आणि माझ्यापुढे सोमवारी द्यायची २१२ पानांची मुद्रितं पडलेली. लॅपटॉपच्या वीतभर स्क्रीनवर मुद्रितं तपासून बघा एकदा. अनुस्वार कुठला आणि माशी बसून गेलेली कुठे, काही कळत नाही.

तेव्हा शुक्रवारी त्याला जुन्या चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर पायांपाशी उभं केलं, गुडघ्यांनी आवळलं आणि सिंहगड रस्त्यावरून निघाले. दांडेकर पुलाच्या सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने चादरीकडे बघून छातीला हात लावला आणि विचारलं, “शाडूची का?” मी म्हटलं, “कॉम्प्युटर आहे.” त्याने हात काढून घेतला.

तपकीर गल्लीत गाडी लावायला जागा मिळवणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. काउंटर, काउंटरमागे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आणि गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल. स्टुलावर एक काका. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा कीबोर्ड. मुलाचा चेहरा बघून कळत होतं की हे प्रकरण बरंच आधी सुरू झालंय.

“नवा कीबोर्ड साडेतीनशेला,” काका म्हणत होते. “कळा किती त्यात?”

“एकशे चार.”

“साडेतीनशे भागिले एकशे चार. तीन रुपये सदतीस पैसे. मला एक कळ हवी आहे. पाच देतो, वरचे तुला ठेव.”

“काका, सुटी कळ मिळत नाही.”

“का? केळी डझनावर विकतात म्हणून एक केळं कोणी देत नाही का?”

मी कॅबिनेट लेकरासारखं कडेवर घेऊन उभी. मागे एक जण प्रिंटर घेऊन, एक जण नुसताच पेन ड्राइव्ह घेऊन. काकांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. बसा म्हणाले नाहीत, पण ऐका म्हणाले.

झालं होतं असं की काका इन्स्क्रिप्ट ह्या कळांच्या मांडणीवर मराठी टंकतात. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी एनच्या कळीवर ल असतो, आणि शिफ्ट धरून तीच दाबली की ळ. आठ दिवसांपूर्वी नेमका तिथेच चहा सांडला आणि एका घोटात दोन्ही अक्षरं गेली. काका सोसायटीला अर्ज लिहिण्याच्या मध्यावर होते.

“वरच्या मजल्यावरून गळती आहे,” काका म्हणाले. “आता ‘मजला’ लिहिता येत नाही. ‘गळती’ लिहिता येत नाही. ज्यांना लिहायचं ते व्यवस्थापन मंडळ, तेही लिहिता येत नाही!” त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि खड्या आवाजात वाचला. “‘सन्माननीय पदाधिकारी यांस, माझ्या डोक्यावर राहणाऱ्या गृहस्थांच्या न्हाणीघरातून माझ्या देवघरात पाणी झिरपते.’”

मी मनात एकेक अक्षर तपासलं. सवय. ल नाही, ळ नाही, ऱ्हस्वदीर्घ चोख. मी ज्यांची पुस्तकं तपासते त्यांतल्या अर्ध्या लोकांना सगळी अक्षरं हाताशी असून ‘आणि’ नीट लिहिता येत नाही. परवाच्या २१२ पानांत पहिली वेलांटी असलेला ‘आणि’ एकदाही नाही, एकदाही! वर लेखक फोन करून सांगतात की तशी त्यांची शैली आहे. असो.

“पण खरी गोची पुढेच आहे, ताई,” काका म्हणाले. “मराठीत ल नाही तर झालं-गेलं काही सांगताच येत नाही. केला, दिला, आला, सगळीकडे ल. मागे तीन अर्ज ‘दिले’ हे कसं लिहू? ‘देतो’ लिहावं लागतं. म्हणजे गेल्या वर्षीचे अर्ज मी अजून देतोच आहे. अख्खा भूतकाळ गेला. आणि ‘भूतकाळ’ हा शब्दही लिहिता येत नाही.”

पेन ड्राइव्हवाला हसला. मुलाने कानातलं इअरफोनचं एक बोंडुक काढलं आणि समजावलं की काका, कळ गेलेलीच नाही. कळांखाली प्लास्टिकचे पातळ कागद असतात, त्यावर सर्किट छापलेलं असतं, सगळ्या कळांना मिळून एकच. ते खराब झालंय.

“मग एकशे चार कळा म्हणून विकता कशाला? एक कागद म्हणून विका.”

“स्क्रीनवर कीबोर्ड येतो, काका. माउसने एकेक अक्षर टिपायचं.”

“टिपायला मी काय कोंबडी आहे? अरे, अमेरिका महासंगणक देईना, तेव्हा १९९१ साली ह्याच पुण्यात सी-डॅकने परम ८००० बांधून दाखवला. त्यांना कोणी सांगितलं का, सुटा मिळत नाही म्हणून?”

ह्यावर मुलाकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नसावं. त्याने दमून शेवटचा उपाय काढला. “मेकॅनिकल घ्या. त्यात एकेक कळ बदलता येते.”

“केवढ्याला?”

“अडीच हजारापासून पुढे.”

काकांचे ओठ हलले. चोवीस रुपये चार पैसे. बराच वेळ ते समोरच्या भिंतीवरच्या वायरींकडे बघत राहिले.

“राहू दे,” ते म्हणाले. “ल एवढा लागत नाही.”

आणि कीबोर्ड पिशवीत घालून तिथेच बसून राहिले.

माझा नंबर आला. मी म्हटलं, “सीपीयू बंद पडलाय.” स्टुलावरून आवाज आला, “कॅबिनेट. सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा.” मुलाने वायर जोडली, मॉनिटर जोडला, बटण दाबलं. टुक्क. अक्षरं आली, एफ१ दाबा म्हणाली, त्याने दाबलं, आणि विंडोजची निळी खिडकी हसत उघडली.

“चालूच आहे की, काकू!”

माहेरी जाऊन नवऱ्याची तक्रार करावी आणि नेमकं त्याच दिवशी त्याने आईसमोर उठून चहा करावा, तसं. मी म्हटलं, अरे, काल रात्री अकरापर्यंत बंद होता. मुलगा म्हणाला, “प्लग नीट लावला होता ना?” मी १९९९ पासून कॉम्प्युटर वापरते. हा तेव्हा जन्मलाही नव्हता. लावला होता म्हटलं. “मिस्टरांनी बघितलं होतं?” मिस्टरांनी काय बघितलं ते वर लिहिलंच आहे. ह्या प्रश्नाला द्यायचं चांगलं उत्तर मला रात्री पावणेबाराला सुचलं, भांडी पुसताना.

मग त्याने निदान केलं. “रॅम हलली असेल. येताना खड्ड्यांत हादरे बसून परत बसली.” अगदी गंभीरपणे. मी हसले, तो हसला नाही. काकांना मात्र ह्यात रस निर्माण झाला. “कुठल्या रस्त्याने आलात?” मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून सगळा रस्ता मनात फिरून पाहिला आणि निकाल दिला, “शनिपाराच्या अलीकडचा असणार. त्याआधीचे उथळ आहेत.” डोळे उघडून लगेच, “गाडी कुठे लावलीत? आज सम का विषम?”

माझ्या पोटात गोळा. सम-विषम पार्किंगच्या पाट्या मी गल्लीत शिरताना वाचल्याच नव्हत्या. तारीख पटकन आठवेना, म्हणून समोर स्क्रीनवर पाहिली. एक तारीख. विषम! मी गाडी लावलेली बाजू आठवायला लागले, तेवढ्यात मुलगा म्हणाला, “काकू, ती तारीख खोटी आहे. १ जानेवारी २०१४ दाखवतोय. आतल्या बोर्डावरचा, घड्याळ चालवणारा सेल गेलाय.” मी धावत बाहेर. गाडी जागेवर होती, बाजूही बरोबर होती. त्यात माझी हुशारी काही नाही.

परत येते तर कॅबिनेटची एक बाजू उघडलेली आणि मुलाच्या हातात ब्लोअर. “थांब,” म्हणेपर्यंत त्याने चालू केला. बारा वर्षांची धूळ. लोकरीचे गोळे निघावेत तशी ती पंख्यातून निघाली, काउंटरवर तरंगली आणि खाली बसली. मुलगा शिंकला, काका शिंकले, प्रिंटरवाला प्रिंटर छातीशी धरून सलग चारदा शिंकला, शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याने शिव्या दिल्या. गल्लीचं नाव काही उगाच पडलेलं नाही.

मुलाने ड्रॉवरमधून नवा सेल काढून काउंटरवर ठेवला. काकांनी तो उचलून चष्म्यासमोर धरला. “सीआर २०३२. म्हणजे २०३२ पर्यंत जाईल?”

“नाही काका. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी.”

“मग दशांश चिन्ह कुठे गेलं?”

मुलाने कानातलं बोंडुक परत आत घातलं.

माझ्याकडे वळून म्हणाला, “काकू, खरं सांगू का, नवीनच घ्या. हा विंडोज अकराला चालत नाही.” हे मला माहीत आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसर आठव्या पिढीचा लागतो. माझा चौथीतला आहे. पण मला काय हवंय? पानं उघडायची, वेलांट्या दुरुस्त करायच्या, पानं मिटायची. त्याला हा धडधाकट आहे. आमच्या घरात १९९८ चा मिक्सर आहे. भांडं बदललं, ब्रश बदलले, अजून घरघरतोय. त्याला आजवर कोणी येऊन सांगितलं नाही की उद्यापासून तुझ्यावर ओल्या खोबऱ्याला आधार नाही. चालणारी वस्तू चालत असतानाच मोडीत काढायची, आणि वर म्हणायचं सुरक्षेसाठी. कोणाच्या? आणि नवा घ्यायला जावं तर रॅमचे भाव सोन्यासारखे, म्हणे एआयवाले सगळी उचलतात. म्हणजे मुद्रितशोधकाचं काम खाणाऱ्याने त्याची रॅमही खायची.

हे सगळं मी त्या मुलाला म्हणाले नाही. “बघते,” म्हटलं.

बिल आलं. तपासणी ३००, सफाई १५०, सेल ५०.

“चालूच होता ना? मग तपासलं काय?”

“चालू आहे का ते.”

मी मोठ्या आशेने स्टुलाकडे पाहिलं. तीन रुपये सदतीस पैशांसाठी तासभर लढलेला योद्धा, आत्ता ह्याला उभा सोलेल! काकांनी धोतर सावरावं तशी पँट सावरली आणि म्हणाले, “देऊन टाका, ताई. पोराने कष्ट केलेत.”

दिले. चादर गुंडाळली, त्याच रस्त्याने, त्याच खड्ड्यांतून घरी आले, दोन जिने चढले, वायरी लावल्या, बटण दाबलं. काळं तोंड.

नवरा चापटी मारायला उठत होता, त्याला बसवलं. कॅबिनेटची बाजू मीच उघडली. आधी पत्र्याला हात लावला, मग रॅमच्या पट्ट्या काढल्या. शेजारच्या दुसरीतल्या मुलीकडून खोडरबर मागून आणलं आणि पट्ट्यांच्या सोनेरी कडा घासून काढल्या. पट्टी बसवताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा खट्‌ खट्‌ वाजेपर्यंत दाबली. चालू झाला. खोडरबर सुगंधी होतं, त्यामुळे गरम झाला की अजून स्ट्रॉबेरीचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लावला तर पुन्हा एफ१ दाबा, पुन्हा १ जानेवारी २०१४. परत उघडला. बोर्डावर जुनाच सेल. पिशवी झटकली, चादर झटकली, बिल झटकलं. मग आठवलं. मुलगा बोंडुक कानात घालत होता, मी मनात विंडोजशी भांडत होते, आणि सेल काकांच्या बोटांत होता. दोन पेनं असलेल्या खिशात आता तोही असणार, दशांश चिन्हाची वाट बघत.

पन्नास रुपयांसाठी परत तपकीर गल्लीत जायचं माझ्या जिवावर येतंय. नवरा रात्री वीज वाचवायला भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतो, म्हणून रोज सकाळी मी हाताने तारीख घालते. विसरले की बँकेची साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते.

सोमवारी प्रकाशकांचा फोन आला. मी म्हटलं, माझ्या मशीनप्रमाणे अजून बारा वर्षं आहेत. ते म्हणाले, “ताई, लॅपटॉप घ्या.”