टबाआधी गिझर बघा
घरात अंघोळीचा खोल टब बसवण्यावरच्या लेखात टबाची उंची २४ इंच दिलीय, पण ती बाहेरून. पाणी थांबतं ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या, भोकापाशी. दुकानात टेप तिथून तळापर्यंत लावा, खांदे बुडतील की नाही ते तेव्हा कळेल. गिझरबद्दल मात्र अवाक्षर नाही! नागपुरात डिसेंबरात नळाचं पाणी २० अंश धरलं, तर २५ लिटरच्या गिझरमधलं ६५ अंशांचं पाणी मिसळून ४० अंशांचं जेमतेम ५५ लिटर होतं. टब २५० लिटरचा. भरेस्तोवर आधीचं पाणी कोमट. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतूनच चटके देणारं येतं, ते सोडा. वरच्या मजल्यावर बसवणार असाल तर नुसतं पाणीच २५० किलो, शिवाय टब आणि माणूस. इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.