अमेरिकेतला बॉयलर, आपला हळदीचा कुकर: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

न्यूयॉर्ककडच्या जुन्या घरांत हिवाळ्यात वाफेवर खोल्या तापवतात, त्या बॉयलरच्या पाण्याच्या पातळीवर मी लिहिलं होतं: पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी दिसेनासं झालं, तर पंप चालू न करता आधी जाळ बंद करा. हळदीच्या कुकरलाही तेच लागू, कारण तोही लाकडाच्या जाळावरचा बॉयलरच, त्याची वाफ हळदीच्या ड्रममध्ये सोडतात. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: ‘तिकडं घरं तापवतात, आमच्या सांगलीत मार्चमध्ये माणूसच तापतो. हळद शिजवणाऱ्याला हे ज्ञान कशाला? पाणी दिसेनासं झालं की पंप चालू करायचा, विषय संपला. जाळ बंद करा म्हणे! ड्रममधली हळद अर्धी कच्ची राहील, ती कोण घेणार? आणि आमच्या कुकरला दाबच नसतो, तर फुटेल कसा?’ शेवटी जाता जाता एक प्रश्नही टाकलाय, त्याकडे येतोच.

आधी फरकाचं बघू. तिकडच्या घरात खोली तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि तेच उतारानं परत बॉयलरात येतं. वरून पाणी घालायची वेळ क्वचितच. वारंवार घालावं लागलं, की कुठंतरी गळतंय हे घरमालक ओळखतो. आपली वाफ हळदीतून जाते, ड्रमच्या बुडातून पिवळं पाणी होऊन वावरात जिरते. परत काही येत नाही. म्हणजे दिवसभर नवं पाणी ओतत राहायचं, त्यातलं पाणी वाफ होऊन जाणार आणि क्षार तेवढे आत साठणार. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरात विरघळलेले क्षार, १००० मिलिग्रॅम आहे आणि तासाला १०० लिटर पाण्याची वाफ होते. तासाला १०० ग्रॅम क्षार मागे राहिले, आठ तासांत ८०० ग्रॅम. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरला हाच आकडा यापेक्षा वर जाऊ शकतो. म्हणून म्हणतो, पाण्याच्या पातळीची काळजी न्यूयॉर्कवाल्यापेक्षा तुम्हाला जास्त करायला हवी.

हे क्षार वाढले की पाण्याला फेस येतो आणि ते दुधासारखं उतू जायला बघतं. बॉयलरला खाली-वर एकेका कॉकनं जोडलेल्या काचनळीत पाणी खाली-वर नाचतं, वाफेबरोबर पाणीही ड्रममध्ये जातं, आणि तुम्हाला वाटतं पंप कमी पडतोय. पंप बदलून काही होत नाही. थोडा दाब असताना बॉयलरच्या बुडाचा कॉक काही सेकंद उघडून गढूळ पाणी रोज बाहेर सोडायचं, काचेवर नजर ठेवून. नदीचं पाणी मिळत असेल तर तेच वापरा. ड्रममध्ये वाफ सोडतानाही व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. दाब झटक्यात उतरला की आतलं पाणी फुगून वर येतं. नवीन बॉयलर असेल तर आत तेलाचा अंश राहिलेला असतो, त्यानंही हेच होतं.

पण नाचणारं पाणी मला तितकं भीतीदायक वाटत नाही. मला भीती अजिबात न हलणाऱ्या पाण्याची वाटते. जाळ चालू असताना काचेतली रेघ किंचित तरी थरथरतेच. ती भिंतीवर खडूनं ओढल्यासारखी स्थिर दिसली, की खालच्या कॉकमध्ये खार अडकल्याचा संशय घ्यायचा. काचेखालची तोटी उघडा, पाणी जाऊ द्या, बंद करा. पाणी झटकन वर यायला हवं. रेंगाळत आलं तर वाट चोंदलीय आणि काच जुनं पाणी दाखवतेय. वरचा कॉक चोंदला तर उलटं होतं: काच भरलेली दिसते, आत पाणी कमी. सकाळी जाळ लागून दाब धरला, की ड्रम भरायच्या आधी एवढं करून बघायचं. वेळ लागतो तो काच पुसायलाच.

आता पंपाचं. काचेत पाणी दिसत नाही म्हणजे किती खाली गेलंय हे तुम्हाला माहीत नसतं. जाळावरचा पत्रा उघडा पडला असेल तर तो लाल होऊन मऊ पडतो. त्यावर गार पाणी पडलं, की पत्रा एकदम आकसतो आणि पाण्याची क्षणात वाफ होते. उघड्यावर एक लिटर पाण्याची साधारण १६०० लिटर वाफ होते. बंद टाकीत तिला जागा कुठली? म्हणून पंप बंदच ठेवायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह हातानं उचलायचा नाही, जाळावर पाणी मारायचं नाही. ओली माती नाहीतर राख टाकून जाळ दाबायचा, हवेचं दार लावायचं आणि लांब थांबायचं. बॉयलर पूर्ण गार झाल्यावर पत्रा तपासून मगच पाणी. हळद अर्धी कच्ची राहील, हे खरंच. ती दुसऱ्या कुकरवर पुन्हा शिजवता येते.

‘दाबच नसतो’ हे मात्र कुणाला सांगू नका. चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब आणि ६० सेंटिमीटर व्यासाचं झाकण धरा, त्यावर १४०० किलोचा रेटा येतो. आपल्या बॉयलर कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान किंवा १ किलोपेक्षा कमी दाबाचं भांडं बसत नाही, तिथं तपासायला इन्स्पेक्टर येत नाही. अमेरिकेत घरगुती वाफेच्या दाबाची मर्यादा चौरस इंचाला १५ पौंड, म्हणजे साधारण तेवढीच, एक किलो. तरीही तिथं पाणी कमी झालं की जाळ आपोआप बंद करणारा स्विच असतो. आपल्या लाकडाच्या जाळाला असला स्विच लावणार कसा? तिथं माणूसच लागतो.

तुमचा प्रश्न: रात्री अर्धी काच, सकाळी काठोकाठ, पंप तर बंद. गार होताना आतली वाफ आटते, पोकळी तयार होते आणि ती फीडच्या, म्हणजे बॉयलरात पाणी भरायच्या पाइपातून टाकीतलं पाणी ओढून घेते. काम संपल्यावर, दाब उतरला की वरचा हवेचा कॉक उघडा ठेवा आणि फीडचा कॉक बंद करा. बॉयलरातलं पाणी टाकीकडं उलटं जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्हही तपासा. चालू बॉयलरवर, पंप थांबलेला असताना, व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या बाजूला पाइपाजवळ सावकाश हात न्या. तिथं पाइप गरम लागला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, बहुधा खाराचा खडा अडकलाय. खोलून साफ करा, बसायची जागा झिजली असेल तर नवा टाका. कुठली बाजू गरम लागली ते इथंच कळवा.