भाऊजी, फेका!

ज्याच्या मेहुण्याला क्रिकेटचं वेड आहे तो माणूस सुखी. असा मेहुणा फार तर टीव्ही अडवतो. माझ्या मेहुण्याला बिनइंजिनाच्या विमानांचं वेड आहे. बिनइंजिनाचं विमान आपणहून उडत नाही, कोणीतरी फेकावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. रिमोट कायम मंदारच्याच हातात.

विमानही साधंसुधं नाही. रोहिणी नावाचं अस्सल भारतीय ग्लायडर होतं, लाकडी, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं. शिकणारा आणि शिकवणारा शेजारीशेजारी बसायचे. त्याची पाव मापाची हुबेहूब प्रतिकृती मंदारने नौपाड्यातल्या टू-बीएचकेत बांधली. खऱ्या रोहिणीचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेसोळा मीटर, म्हणजे ह्या धाकटीचे चार मीटरच्या वर. बाल्साचं हलकं लाकूड, प्लायवूड, आत रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी, आणि तोल साधायला नाकात शिसं. कॉकपिटमध्ये दोन रंगवलेले बाहुले, दोघांना शिवलेले पट्टे. ते बघून बायको म्हणाली, "बाहुल्यांनीसुद्धा पट्टा लावलाय. तुम्ही गाडीत मागे बसल्यावर कधी लावलात का?" तेव्हापासून त्या बाहुल्यांशी माझं फारसं पटत नाही.

आता कोणी म्हणेल, ठाण्याला येऊरचे डोंगर दाराशी असताना लांब जायचं कशाला? एक तर ते राष्ट्रीय उद्यान. शिवाय ग्लायडर उडतं ते डोंगराच्या छातीवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर. आपल्याकडे दुपारी वारा पश्चिमेकडून येतो, शाळेत पाठ केलेले तेच खारे वारे. येऊरचा डोंगर त्यांना पश्चिमेला, बोरिवलीकडे भेटतो. ठाण्याच्या बाजूला ती हवा माथ्यावरून घरंगळत, गोते खात खाली येते. म्हणजे डोंगर आमच्या खिडकीत, आणि वारा मात्र बोरिवलीकरांचा. वर उचलणारी हवा हवी तर खाडी ओलांडून पारसिकच्या रांगेत, पश्चिमेकडे तोंड केलेला उतार गाठायचा. तोही मुंबई आणि नवी मुंबई अशा दोन्ही विमानतळांपासून पुरेसा लांब, नकाशा तपासून.

म्हणून रविवारी जेवणं आटोपायच्या आत पंख जिन्याने खाली. ते सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाहीत. गाडीत डिकीपासून पुढच्या काचेपर्यंत आडवे. मी मागे, एका पंखाला कानाशी धरून. कळव्याच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं की शेजारच्या रिक्षातून प्रश्न येतो, "काय, पीओपीचं काम का?"

डोंगरावर मेळावा भरलेला असतो. एका निवृत्त काकांकडे के-८ आहे, १९५७ च्या जर्मन ग्लायडरची नक्कल. काका वारा येईपर्यंत खुर्चीत बसून चकल्या खातात. तिथे सगळ्यात सुज्ञ माणूस तोच. बाकी गर्दी बघ्यांची. त्यांचे प्रश्न ठरलेले. "ड्रोन आहे का?" नाही. "कॅमेरा?" नाही. "ॲव्हरेज किती देतं?" इंजिनच नाही. "मग उडतं कसं?" इथे मंदार हातातलं काम टाकून समजावायला लागतो: ग्लायडर खरं तर सतत खालीच येत असतं, फक्त हवा त्याहून जोरात वर जात असते, ठाणे स्टेशनातल्या वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून कोणी सावकाश खाली उतरू लागला तर तो वरच पोचेल ना, तसं. समोरचा माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "पण कॅमेरा लावता येईल ना?"

मग माझी पाळी. सहा-सात किलोचं धूड त्याच्या पोटाखाली, पंखाच्या जरा मागे धरायचं. हात डोक्यावर. पंख समपातळीत. नाक क्षितिजाच्या किंचित खाली. तोंड वाऱ्याकडे, म्हणजेच दरीकडे. एक पोरगा पंखाचं टोक धरून उभा असतो, त्याचं सगळं लक्ष चकल्यांकडे.

"भाऊजी, उजवं एलेरॉन वर गेलं?" एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी.

"गेलं."

"डावं खाली?"

"खाली."

"रडर?"

रडर म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, माझ्या पाठीमागे. मला दिसत नाही. मी "हो" म्हणतो.

एवढ्यात वारा पडतो. "थांबा हं, तसेच थांबा." मी तसाच. दंड थरथरतो, घाम डोळ्यांत उतरतो, एक लाल मुंगी पोटरीवरून वर निघालेली असते आणि तिला कुठे जायचंय ते तिला पक्कं ठाऊक असतं. वर मुंबईकडे उतरणारं खरं विमान दिमाखात जातं. त्याला कोणी हातात धरलेलं नसतं.

"आला! भाऊजी, फेका! फेकू नका, ढकला!"

ह्या दोन सूचनांमधल्या अर्ध्या सेकंदात मी चार पावलं धावतो आणि ते हातातून सुटतं. रोहिणी आधी खाली जाते, काळजात धस्स होतं, आणि मग उतारावरची हवा तिला अलगद उचलते. टाळ्या. "वा मंदार!" पाठ थोपटली जाते मंदारची.

उतरवणं आणखी कठीण. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. जो पंख खाली झुकेल त्याच बाजूला रिमोटची स्टिक ढकलायची, असा ह्या मंडळींचा मंत्र आहे. मंदारला तो पाठ आहे, पण ऐन वेळी माथ्यामागच्या गोते खाणाऱ्या हवेने रोहिणीला खाली दाबलं आणि ती घाणेरीच्या जाळीत जाऊन बसली. आणायला गेलो अर्थातच मी. काट्यांनी कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं. बाहुल्यांना ओरखडाही नाही, पट्टे लावले होते ना.

मंदार विमान उलटंसुलटं करून बघत म्हणाला, "फेकताना उजवा पंख जरा खाली होता, भाऊजी. तिथूनच सगळं बिघडलं."

सुटल्यावर ते अर्धा तास उत्तम उडालं होतं, हे मी काकांना पटवत होतो. काकांनी मला चकली दिली.

परतताना मंदारने पुढचा बेत सांगितला. हीच रोहिणी, पण एक-तृतीयांश मापाची. पंख साडेपाच मीटर. "एकट्याला झेपणार नाही तुम्हाला. अजून एक माणूस लागेल. तुमच्या ऑफिसात आहे का कोणी धडधाकट?"

मी तिथल्या तिथे त्याला आमच्या साहेबांचा नंबर दिला.