संपूर्ण देवल

एखाद्या नाटककाराचे समग्र नाट्यवाङ्मय अनुभवण्याचा संकल्प ज्याला सोडायचा असेल, त्याने आधी नाटककार नीट पारखून घ्यावा. शेक्सपिअर धरला, तर त्याची नाटके सदतीस की एकोणचाळीस याच वादात उमेदीचे दिवस निघून जातात. मी सावधपणे गोविंद बल्लाळ देवल निवडले. सांगलीजवळच्या हरिपूरचे हे गृहस्थ 1855 मध्ये जन्मले, 1916 मध्ये गेले आणि मागे मोजून सात नाटके ठेवून गेले: ‘दुर्गा’, ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’, ‘झुंझारराव’, ‘शापसंभ्रम’, ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’. सात नाटके म्हणजे नोकरी आणि संसार सांभाळून सहज उरकण्यासारखे काम, असा माझा हिशेब होता. नियमही मीच केले. प्रत्येक नाटक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, त्यातली पदे मिळतील त्या आवाजात ऐकायची आणि आवाक्यातल्या गावी प्रयोग लागला तर तो पाहायचा. मी हे सारे घरात जाहीर केले, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, त्यापेक्षा माळा आवरा. तोही तुम्ही अजून संपूर्ण अनुभवलेला नाही.”

पहिली अडचण पुस्तकांची होती. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ विनासायास मिळतात; बाकीच्यांसाठी वाचनालयाच्या अशा कपाटापर्यंत जावे लागते, ज्याची किल्ली कोणाकडे आहे याविषयी कर्मचाऱ्यांमध्ये मतभेद असतात. मला मिळालेल्या प्रतींची पाने इतकी जुनी होती, की पान उलटले की त्याचा कोपरा हातात राही, आणि तो पुन्हा कोणत्या पानाचा हे शोधण्यात एक अंक जाई. परंतु या प्रतींनी मला एक सोबतीण दिली. माझ्या आधी कधीतरी कोणा बाईने त्या बारीक पेन्सिलीने शेरे मारीत वाचल्या होत्या. ‘शारदे’त पंचाहत्तरीचा भुजंगनाथ लग्नाला उभा राहतो, तिथे समासात एकच शब्द होता, “मेल्या!” मुलगी विकायला निघालेल्या कांचनभटापाशी पेन्सिल इतकी दाबली होती, की मागच्या पानावरही वळ उठला होता. आणि ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनराव बायकोवर पहिल्यांदा संशय घेतो, त्या ओळीशेजारी शांत, वळणदार अक्षरात लिहिले होते, “आमचे हेच.” देवलांच्या संवादांवर इतके नेमके समीक्षण मी अन्यत्र वाचलेले नाही.

खरी गोम वेगळीच होती आणि ती माझ्या मेहुण्यांनी दाखवली. ते इंग्रजीचे प्राध्यापक आहेत आणि कोणाच्या सुखात नेमका कुठे खडा टाकावा, हे त्यांना उपजतच कळते. ते म्हणाले, “भावोजी, देवलांनी स्वतःच्या कल्पनेने रचलेलं कथानक एकच, ‘शारदा’. उरलेली सहा दुसऱ्यांच्या नाटकांवरून नाही तर ग्रंथांवरून. मूळ वाचल्याशिवाय देवलांनी काय केलं, हे तुम्हाला कळणार कसं?” हा प्रश्न इतका रास्त होता, की त्याचा राग येण्याशिवाय दुसरे काही करता येईना. ‘मृच्छकटिका’मागे शूद्रक उभा, ‘विक्रमोर्वशीया’मागे कालिदास, ‘शापसंभ्रमा’मागे बाणभट्ट, ‘झुंझाररावा’मागे ज्याला मी मोठ्या चतुराईने टाळले होते तो शेक्सपिअर. ‘दुर्गा’ आली ‘इझाबेला’वरून, ती 1757 मध्ये इंग्रज नट गॅरिकने नाटककार सदर्नच्या 1694 मधल्या नाटकाला कात्री लावून बेतलेली. ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या 1761 मधल्या इंग्रजी प्रहसनावरून आणि मर्फीने ते उचलले फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 1660 मधल्या ‘स्गानारेल’वरून. सात नाटकांच्या दारात मी उभा होतो आणि आत पाहतो तो सगळे गणगोत जेवायला बसलेले.

मी शूद्रकापासून प्रारंभ केला, आणि त्याबद्दल मेहुण्यांचे आभार मानायला हवेत; अर्थात मी ते मानणार नाही. चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला आलेला शर्विलक हा जगातला सर्वांत सुसंस्कृत चोर असावा. भिंतीला भगदाड कोणत्या आकाराचे शोभेल, यावर तो शास्त्रार्थ करतो, कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक असे पर्याय पाहतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ बरा दिसेल असे ठरवतो. मापाची दोरी घरी राहिली म्हणून तो गळ्यातले जानवे काढून माप घेतो आणि वर ब्राह्मणाला जानवे किती उपयोगाचे असते, हेही सांगून जातो. आमच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण चालू असताना हा प्रवेश मी गवंड्याला वाचून दाखवला. “चोराने निदान भिंत बघून तरी ठरवलं साहेब, तुमच्या मॅडम रोज टाइल बदलतात,” एवढाच अभिप्राय त्याने दिला. देवलांनी या सगळ्याला पदांचा साज चढवला आणि ‘रजनिनाथ हा नभी उगवला’ किंवा ‘तेचि पुरुष दैवाचे’ ऐकताना आपण एका भाषांतराला दाद देतो आहोत, हे ध्यानातही राहत नाही.

‘विक्रमोर्वशीया’विषयी फार लिहीत नाही. उर्वशीची वेल होते आणि पुरूरवा मोर, कोकिळा, हंस, हत्ती अशा ज्याला त्याला तिचा पत्ता विचारीत रानभर हिंडतो. कालिदासाच्या संस्कृतात तो शोक आहे. माझ्या दिवाणखान्यात मी तो मोठ्याने वाचला तेव्हा ती चष्मा हरवल्याची तक्रार वाटली.

‘शापसंभ्रमा’साठी बाणभट्टाची ‘कादंबरी’ उघडणे मात्र धाडसाचे ठरले. बाणाचे वाक्य म्हणजे एक संपूर्ण प्रवास असतो. एकदा वाक्य सुरू करून मी चहा टाकला. चहा उकळला, उतू गेला, गॅस विझला, पत्नी माहेरच्या शैलीत दोन वाक्ये बोलून गेली, तरी बाणाचे क्रियापद आले नव्हते. त्यात पुंडरीक विरहाने मरतो, मग वैशंपायन म्हणून जन्मतो, तिथे महाश्वेतेचा शाप लागून पोपट होतो. दरम्यान चंद्रापीडही मरून पुन्हा उठतो. कोण सध्या कोणत्या जन्मात आहे याचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला होता. दूधवाल्याचा हिशेब समजून मुलाने त्यावर दोन लिटर वाढवले. बाण स्वतः ग्रंथ अपुरा ठेवून वारला आणि तो त्याच्या मुलाने पुरा केला, हे समजल्यावर मी माझ्या मुलाकडे आशेने पाहिले. त्याने कानात इअरफोन घातले.

‘झुंझाररावा’चा प्रयोग कोठे लागण्याची चिन्हे नव्हती, म्हणून तो घरीच करायचे ठरले. हे देवलांचे ‘ऑथेल्लो’, 1890 मधले. झुंझारराव अर्थात मी, कमळजा पत्नी आणि कान भरणारा जाधवराव ही भूमिका मेहुण्यांनी न मागता घेतली. रात्रीची वेळ होती, खिडक्या उघड्या होत्या. बेइमानीचे आरोप मी पोटातून आवाज काढून करीत होतो आणि कमळजेच्या करुण विनवण्या पत्नी मेथी निवडता निवडता, भाजीवाल्याला भाव विचारावा तशा स्वरात वाचत होती. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी हळूच विचारले, “वहिनी, सगळं ठीक आहे ना?” पत्नी म्हणाली, “हो काकू, यांनी मला मारायचं तेवढं राहिलंय. शेवटचा प्रवेश आहे, बसा ना.” काकू बसल्या. शेवटी त्यांनीही डोळे पुसले आणि जाताना जाधवरावाला नमस्कार केला नाही. गावोगावच्या खलनायकांना प्रेक्षकांचे शिव्याशाप खावे लागत असे ऐकले होते. मेहुण्यांच्या वाट्याला ते आलेले पाहून मला सात नाटकांचे पुण्य त्या एका रात्रीत मिळाले.

‘शारदे’ची वेळ नेमकी सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवाशी येऊन भिडली. नियमाप्रमाणे मी पदे लावली होती आणि ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद घरभर घुमत असतानाच ते बॅग घेऊन दारात आले. घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली. सासरे मात्र प्रसन्न झाले. “अवघे! बरोबर बोलला तो,” असे म्हणून त्यांनी ते पद पुन्हा लावायला सांगितले आणि समारंभात मैत्रिणींच्या त्या थट्टेवर स्वतःच ठेका धरला. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “ते चेष्टेनं म्हटलंय हो.” बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून नाव घेऊन आला, असे जेवणाच्या पंगतीत कोणी तरी छातीठोकपणे सांगितले. तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा आहे, हे मी सांगून पाहिले. पण श्रीखंडासमोर इतिहासाचे फारसे चालत नाही. 1899 मध्ये, हा कायदा होण्याच्या तीस वर्षे आधी, जरठकुमारी विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्याशी लावलेल्या कोवळ्या मुलीच्या लग्नावर, असे नाटक लिहिणाऱ्या माणसाला कायद्याच्या श्रेयाची गरजही नाही.

‘संशयकल्लोळ’ तेवढे रंगमंचावर पाहायला मिळाले. प्रेक्षागृहात माझ्याहून तरुण फक्त प्रकाशयोजनाकार होता. मागच्या रांगेतले आजोबा प्रत्येक पदाचा ताल माझ्या खुर्चीच्या पाठीवर देत होते आणि शेजारचे गृहस्थ प्रत्येक विनोद दोन वाक्ये आधी पत्नीला सांगत होते. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती: महिने आणि नक्षत्रे एका तसबिरीपायी एकमेकांवर संशय घेत भांडत होती आणि ‘कर हा करी धरिला शुभांगी’ला वन्समोअर इतका जोरात आला, की नायकाला श्वास घ्यायलाही सवड मिळाली नाही. पूर्वी रात्रभर चालणारे नाटक आता तीन तासांत आणि एका बटाटेवड्यात बसवावे लागते. मग प्रश्न असा, की कापलेला प्रयोग संपूर्ण देवलांत धरायचा की नाही? मी धरला. ‘दुर्गा’ तेवढी नुसतीच वाचली. रडायला अंधाऱ्या प्रेक्षागृहाची गरज नसते, एवढे ती वाचताना कळले.

सातवे नाटक मिटल्यावर मी मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, “अभिनंदन भावोजी. पण ‘संशयकल्लोळ’ कोणतं वाचलंत? देवलांनी 1893 मध्ये आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिलं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने संगीत प्रयोग रंगभूमीवर आणला तेव्हा देवल हयातही नव्हते. म्हणजे ती दोन धरायची की एक?” मी एक म्हणालो, ते दोन म्हणाले, आणि पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “दोनच धरा, पण माळा आवरल्यावर.” गद्य ‘फाल्गुनरावा’साठी वाचनालयात चिठ्ठी देऊन ठेवली आहे, त्या कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे, याची चौकशी सुरू आहे.